किरणोत्सारी कचरा आणि आमच्या परिचारिका

आयोडीन उपचार कक्षातील चादरी, ताटल्या व कचरा रुग्णालय जवळजवळ तीन महिने कुलपात का ठेवते, असा प्रश्न काही सन्माननीय देणगीदारांनी आम्हांस विचारला. घरून आणलेला टॉवेल लगेच परत का मिळत नाही, असे नातेवाईकही विचारतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

थायरॉइडच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी औषध तोंडावाटे दिले जाते. उरलेल्या थायरॉइड पेशी ते शोषून घेतात. बाकीचा बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे आणि थोडा लाळ व घाम यांतून बाहेर पडतो. जंतू उकळल्याने मरतात. किरणोत्सार मात्र उष्णतेने वा जंतुनाशकाने नष्ट होत नाही. त्यावर इलाज एकच, काळ. आयोडीन-१३१ चा किरणोत्सार दर ८ दिवसांनी निम्मा होतो आणि ८० दिवसांत सुमारे हजारांश उरतो. म्हणूनच या कक्षाचे सांडपाणीही प्रथम बंद टाक्यांत साठविले जाते.

तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चा किरणोत्सार ६ तासांतच निम्मा होतो. त्यामुळे दोहोंचा कचरा परिचारिका वेगवेगळ्या पिशव्यांत भरतात आणि प्रत्येक पिशवीवर द्रव्याचे नाव, दिनांक व मापन लिहितात. मुदत संपली तरी मापकाने निर्वाळा दिल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही.

येथे एक चूक प्रांजळपणे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. एकदा या कक्षातील एक चादर नजरचुकीने साध्या कपड्यांच्या गाठोड्यात गेली. दाराशी मापन करणाऱ्या परिचारिकेच्या ती लक्षात आली व गाठोडे तेथेच थांबले. ती धोबीखान्यात पोहोचली असती, तर ज्या कामगारांना या विषयाची काहीच कल्पना नाही, त्यांच्या हाती पडली असती. तेव्हापासून प्रत्येक गाठोड्याचे मापन दोन व्यक्ती करतात.

परिचारिकांच्या सुरक्षिततेचे सूत्र तीन शब्दांचे आहे : वेळ, अंतर, आडोसा. अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा साधारण चौथाईवर येते. प्रत्येकीच्या छातीवरील बिल्ला तिला मिळालेल्या मात्रेची नोंद ठेवतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने ही मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ठरविली आहे. गर्भवती परिचारिकेस या कक्षात काम दिले जात नाही.

नातेवाईकांस आमची नम्र विनंती अशी की, परिचारिका दाराशी उभी राहून बोलते, यास हेळसांड समजू नये. तिला उद्याही दुसऱ्या रुग्णापाशी उभे राहावयाचे असते. देणगीदारांनी दिलेल्या निधीतून उभ्या राहिलेल्या टाक्या व कुलूपबंद खोली कोणाच्या नजरेस पडत नाहीत. परंतु या परिचारिका, धोबी व सफाई कामगार निर्धास्तपणे घरी जातात ते त्यांच्यामुळेच.