अलिबागची संध्याकाळ आणि वडिलांची पाऊणकी

पेढी मुलाच्या हाती सोपविल्यानंतर वडिलांच्या दिवसाचे काय होते, हा प्रश्न व्यापारी घरांत फारसा विचारला जात नाही. चाळीस वर्षे गादीवर बसलेला माणूस एकाएकी दिवाणखान्यातील खुर्चीत येतो. आकडेमोड संगणकाने काढून घेतलेली असते. मुलाशी होणारे बोलणे उधारी, वसुली आणि जीएसटी यांच्या पुढे सरकत नाही. अशा वडिलांना समुद्रकाठची एक मोकळी संध्याकाळ द्यावी, आणि मुख्य म्हणजे तिचा बेत त्यांनाच आखू द्यावा.

मुंबईकरांना याकरिता अलिबाग सोयीचे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट मोटारीसह मांडव्यास नेते; पुढे रस्ता सुमारे २० किलोमीटरचा. रात्री मुक्काम करावा. परतीच्या बोटीसाठी घड्याळाकडे पाहत बसणाऱ्यास संध्याकाळ लाभत नाही.

दिवस मात्र पंचांग पाहून ठरवावा. भरतीची वेळ काढण्याचा कोकणचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीस सहा, म्हणजे ऐन संध्याकाळी पाणी काठापर्यंत आलेले. पौर्णिमेस सव्वाअकरा, त्यात सहा तासांहून थोडे अधिक मिळविले की साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा येतो, म्हणून हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण बेतास पुरतो. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली, त्यांचे उत्तर मुलाने मोबाईल उघडण्यापूर्वीच तयार असते. बऱ्याच काळाने घरात कोणी तरी त्यांना हिशेब विचारलेला असतो.

ओहोटीचा आग्रह हौसेचा नव्हे. कोरड्या भुसभुशीत वाळूत वृद्धांचे पाय रुततात. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ओली वाळू घट्ट असते आणि काठी टेकत चालता येते. कार्तिकात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. तेव्हा घरचा डबा पाचलाच उघडावा, म्हणजे चौविहार पाळणाऱ्यांची घाई होत नाही आणि पुढचा वेळ पूर्ण मोकळा राहतो.

समोर कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. ओहोटीत तेथवर चालत जाता येते, परंतु खडक शेवाळाने निसरडे असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी तो काठावरूनच पाहावा. चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, एवढे सांगितले तरी गप्पांना पुरते.

किनाऱ्याजवळच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेस आणले गेले. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या अनेक मुंबईकरांनी तिच्यातून प्रवास केलेला असतो. कोणत्या नाक्यावर चढत, कोणाबरोबर, खिशात किती आणे असत, हे मुलाने कधी विचारलेले नसते. विचारल्यावर मध्ये बोलू नये. मागे माडांच्या वर पौर्णिमेचा चंद्र येतो, पाणी पुन्हा वाळूवर चढू लागते, आणि वडील अजून गिरगावातच असतात.