मधलं फूल कोणाचं?

पहाटे पाचला मी बॅडमिंटन कोर्टाचं कुलूप उघडतो. डिसेंबरात भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या झाडांवरून दव टपटपत असतं, पत्र्याच्या शेडखाली हात गरम व्हायला वेळ लागतो. फुलं, म्हणजे शटल, मात्र मी आदल्या रात्रीच किटलीच्या वाफेवर धरून ठेवलेली असतात, कारण पिसं कोरडी पडली की कडक होऊन पटकन मोडतात. सोळा पिसांचं, जेमतेम ५ ग्रॅमचं फूल. एक पीस गेलं की ते डगमगत जातं आणि खेळाची चव जाते.

साडेपाच ते साडेसात मोठ्यांचं बॅडमिंटन, सगळं डबल्सच. त्यात एक जोडी साठीजवळची आहे. दोघांनाही आता जोरात स्मॅश मारता येत नाही, तरी तिशीतली पोरं त्यांच्याकडून हरून घरी जातात. एकाची सर्व्हिस जाळीला चाटून जाते, म्हणून समोरच्याला फूल वर उचलावंच लागतं. उचललं की दुसरा ते मागून दोघा पोरांच्या बरोबर मधोमध टाकतो. पोरं एक तर दोघंही धावतात, नाही तर दोघंही थांबतात.

"अरे, तुहं होतं ना ते!"

"मले वाटलं तू घेऊन राहिला!"

गुण गेला. डबल्सचं कोर्ट ६.१० मीटर रुंद असतं, आणि खेळणाऱ्याची नजर सारखी कडेच्या रेषांवर असते. पण वर्षानुवर्षं पाहतोय, सामने जातात ते मधल्या फुलावर.

आठच्या सुमारास नोकरीवाले आयुध निर्माणीकडे निघतात. माझीही तिथं तीस वर्षं गेली. आत काडेपेटी न्यायची नाही, मोबाइल न्यायचा नाही. एका खोलीत एका वेळी किती माणसं आणि किती माल, याचा आकडा दारावरच लिहिलेला. वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना "धरलं?" विचारायचं, आणि "धरलं" ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. डबल्सचा पहिला धडा मी कोर्टावर नाही, तिथं शिकलो. सोबतच्याला कळलंच असेल, असं धरून चालायचं नाही. तोंडानं सांगायचं.

घरी येऊन तर्री-पोहे, थोडा वेळ पेपर. अकराला रॅकेटला तारा बांधायचं, म्हणजे गटिंगचं, मशीन सुरू.

एका रॅकेटला पाऊण तास लागतो, आधी उभं गट, मग आडवं. हातात रॅकेट आली की माणूस कसा खेळतो ते कळतं. कट मारणाऱ्याच्या गटावर बारीक खाचा पडलेल्या असतात. मागून ठोकणाऱ्याचं गट मधोमध तुटतं. पोरांना सगळ्यांना २८ पौंडांचा ताण हवा असतो, कारण मोबाइलवर मोठे खेळाडू तसं सांगतात. मी २२ वरच बांधतो. ताण जास्त असला की फूल बरोबर मधोमध लागावं लागतं, जरा चुकलं की जोरही जातो आणि मनगटही दुखतं. आणि डबल्सवाल्यांच्या फ्रेमवर वरच्या कडेला ओरखडे असतात, ते जोडीदाराच्या रॅकेटचे. गेल्या आठवड्यात दोन रॅकेट एकदम आल्या, दोन्ही डोक्याशी तडकलेल्या. सख्ख्या भावांच्या. कोणत्या फुलावर तडकल्या ते विचारावं लागलं नाही. मी गटिंग करून दिलं नाही, तडकलेली फ्रेम ताण देताना मशीनवरच मोडते.

साडेचारला शाळकरी मुलं येतात. पहिली पंधरा मिनिटं रॅकेट भिंतीशी ठेवायच्या आणि नुसतं चालायचं. मी हात वर केला, म्हणजे आपण फूल उचललं, तर दोघांनी शेजारीशेजारी यायचं. हात खाली, म्हणजे हल्ला आपला, तर एक पुढं, एक मागं. बचावात माझा नियम एकच. स्मॅश मारणाऱ्याच्या समोरच्यानं सरळ येणारं आणि रेषेवरचं फूल घ्यायचं, तिरक्या बाजूच्यानं मध्ये सरकून मधलं घ्यायचं. तरीही ओरडायचं, "माझं!"

आठवीतल्या दोघींची जोडी आहे. एक उंच, हाताला जोर असलेली. दुसरी बुटकी, पण जाळीवर मांजरीसारखी चपळ. उंच मुलगी सारखी म्हणते, "काकाजी, मीच सगळं मारते ना!" मी तिला भारताच्या जोडीचे, सात्त्विकसाईराज आणि मुंबईच्या चिराग शेट्टीचे, सामने दाखवतो. सात्त्विकचा स्मॅश ताशी ५६५ किलोमीटरचा, २०२३ चा गिनेस विक्रम. पण चिराग पुढं जाळीवर उभा राहून परतीचं फूल अर्ध्यातच अडवतो, तेव्हा त्या स्मॅशचं सोनं होतं. आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक त्यांनी असंच आणलं. "आता सांग, पुढची नसती तर तुझे स्मॅश किती परत आले असते?" ती गप्प होते. बुटकी हसते.

रात्री आठला पुण्याहून भाच्याचा फोन. तो हल्ली पॅडल खेळतो. मेक्सिकोत अकापुल्कोला १९६९ मध्ये एन्रिके कोर्कुएरा यांनी घरच्या आवारात सुरू केलेला खेळ. वीस बाय दहा मीटरचं कोर्ट, मागं काचेच्या भिंती, भिंतीवरून परतलेला चेंडूही मारता येतो. खेळायचं मुळी जोडीनंच. तिथं एक पुढं, एक मागं चालत नाही. दोघांनी दोर बांधल्यासारखं एकत्र पुढं जायचं, एकत्र मागं यायचं. जाळी ज्यांची, डाव त्यांचा. म्हणून मागचे दोघं उंच चेंडू टाकून पुढच्यांना हटवायला बघतात. व्हिडिओत त्याचा एक गुण गेलेला पाहिला. दोघं उजव्या हाताचे, चेंडू मधोमध आला, दोघंही पाहत राहिले. मी त्याला म्हटलं, डावीकडं उभा राहणाऱ्याचा फोरहँड मध्ये येतो, ते तुझं होतं. तो म्हणाला, "मामा, आमचे कोच पण हेच सांगतात."

नऊ वाजले. उद्या आठवीतल्या त्या दोघींची भंडाऱ्यात सकाळी दहाला मॅच आहे. दोन्ही रॅकेट २२ पौंडांवर बांधून तयार आहेत.