अंगणातली झुडपं (११) : कुंतीला ताण हवा

एक्झोराची पानं पिवळी का पडतात, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय ते छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातून आलेल्या एका पत्रामुळे. पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या फाटकालगत कुंतीचं कुंपण आहे. चार वर्षांचं, कमरेएवढं, पानांनी गच्च. रोज सकाळी पाइपाने पाणी, महिन्यातून एकदा माळी कात्री फिरवून जातो. फूल मात्र नाही. समोरच्या बंद घराची कुंती पावसाळा लागला की अशी फुलते, की तिचा वास रात्री यांच्या ओट्यापर्यंत येतो. तिथे तर झाडाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग आमचं काय चुकतं, असं त्या विचारतात.

चुकतंय ते हेच, की त्यांच्या झाडाला काही कमीच पडत नाही.

कुंतीचं एक पान तोडून सूर्याकडे धरावं. हिरव्यात सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगाळलं की लिंबाच्या सालीच्या जवळ जाणारा वास बोटांना लागतो. आता मोसंबीचं पान तसंच धरून बघावं, कढीपत्त्याचंही. ठिपके तिथेही आहेत, कारण ही सगळी एकाच कुळातली भावंडं. कुंतीच्या शास्त्रीय नावात मात्र परदेशी पाहुणा आहे: ‘मुराया पॅनिक्युलाटा’मधला मुराया हा लिनियसचा शिष्य योहान आंद्रेआस मरे याच्यावरून आला.

मोसंबीशी असलेलं हे नातं एकदा कळलं, की फुलांचं कोडंही सुटतं. जालना, पैठण, अंबडकडच्या बागायतदाराला बहार धरणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आंबे बहार धरायचा तर तो डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतो, म्हणजे झाडाला ताण देतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, थोडी गळतात. नवी फूट थांबते, झाडाने तयार केलेलं अन्न पालवीवर खर्च न होता फांद्यांत साठतं आणि फुलाचे डोळे धरतात. मग खत देऊन पहिलं हलकं पाणी सोडायचं, ती आंबवणी. चार-पाच दिवसांनी दुसरं, जरा भरपूर, ती चिंबवणी. त्यानंतर बाग फुलाने पांढरी होते.

समोरच्या बंद घराच्या कुंतीला हा सगळा सोपस्कार आपोआप होतो. एप्रिल-मे कोरडा जातो, तो ताण. जूनच्या सरी आल्या, की तीच तिची आंबवणी आणि चिंबवणी. संभाजीनगरचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाली बेसाल्ट, वर मुरूम, पाणी धरून ठेवणारी माती बेताची. वर्षानुवर्षे शहराच्या कित्येक भागांत नळाला पाणी येतं तेही दिवसांच्या अंतराने. माणसांचे त्यात हाल होतात, पण रुजलेल्या कुंतीचं फारसं बिघडत नाही.

दुसरी गोष्ट कात्रीची. कुंतीचे घोस नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. दर महिन्याला सपाट कुंपण कापून घेणारा माळी पानांबरोबर कळ्यांची जागाच उडवतो. चौकोनी भिंतीसारखं कुंपण आणि रात्रीचा सुगंध यांतलं एकच पुरेपूर मिळतं. वर्षातून एकदा, मोठा बहार झडून गेल्यावर छाटावं आणि पुढे शेंडे मोकळे सोडावेत. झुडूप थोडं विस्कटलेलं दिसेल, दिसू द्यावं.

बाईंनी करायचं ते असं. एप्रिलपासून कात्री बंद. मेच्या मध्यावर पाणी तोडायचं आणि पानांवर लक्ष ठेवायचं. दुपारी पानं मान टाकतात, त्याला ताण म्हणत नाहीत, ते ऊन. सकाळी सात वाजताही ती मलूलच दिसली, की ताण पुरे झाला. बुंध्याभोवती हलक्या हाताने खुरपून घमेलंभर कुजलेलं शेणखत घालावं, आंबवणी द्यावी, चार दिवसांनी चिंबवणी. युरिया अजिबात नको, त्याने नुसती पानं वाढतात. ताण सोसायला झाड किमान दोन-तीन वर्षांचं, जमिनीत नीट रुजलेलं हवं. कुंडीतल्या कुंतीला हा प्रयोग फार जपून करावा. तिथली माती चार दिवसांत कोरडी ठाक होते आणि फुलाऐवजी झाडच हातचं जातं.

बहार आला की तो एकदम येतो. संध्याकाळी पांढऱ्या पाच पाकळ्या उलगडतात, रात्रभर घमघमाट असतो, आणि एक-दोन दिवसांत फाटकाखाली पाकळ्यांचा सडा पडतो. उरलेल्या फुलांना पुढे लालबुंद फळं धरतात, बुलबुल ती सोडत नाहीत.

एक बजावून सांगायला हवं, आणि ते शहरातल्यांपेक्षा शेतावर घर बांधणाऱ्यांसाठी आहे. मोसंबीच्या बागेला कुंतीचं कुंपण घालू नये. मोसंबीच्या कोवळ्या फुटीतला रस शोषणारी सायला कीड कुंतीवर तितक्याच आवडीने वाढते, आणि लिंबूवर्गीय बागा पोखरणारा ग्रीनिंग रोग हीच कीड पसरवते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये सापडली आणि रोपवाटिकांतून विकल्या गेलेल्या कुंतीच्या रोपांबरोबर राज्यभर फिरली. २००५ मध्ये तिथे ग्रीनिंग सापडला, आणि पुढे संत्र्याचं उत्पादन कोसळत गेलं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या बांधावर हा धोका कशाला? तिथे तगर लावावी.

एक्झोरा पुढच्या आठवड्यात. ज्यांच्या एक्झोराला बोअरचं पाणी जातं, त्यांनी तोवर त्या पाण्याची बादली चार दिवस उन्हात ठेवून आतल्या कडेला पांढरा थर धरतो का, ते बघून ठेवावं.