निळी रेषा व लाल रेषा

नदीकाठीं जागा घेण्यापूर्वीं जलसंपदा खात्याचा पूररेषांचा नकाशा पाहावा. पात्राचे छेद, उतार व तळाचा खडबडीतपणा मोजून किती पाण्याला नदी कोठवर चढेल याचें गणित करतात. महाराष्ट्रांत २५ वर्षांच्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांच्या पुराची लाल. परंतु शंभर वर्षांचा पूर शतकांतून एकदांच येतो, ही समजूत आम्हांस घातक वाटते. त्याचा अर्थ दरवर्षीं शंभरांत एक संभव, एवढाच. लाल रेषेवरील घरांत ३० वर्षें संसार केला, तर पाणी उंबऱ्याला लागण्याचा संभव चारांत एकाहून अधिक. निळ्या रेषेवर दहांत सात! ‘आजोबांच्या वेळीं पाणी आलें नव्हतें’ ही साक्ष येथें पुरत नाहीं. शिवाय खालच्या अंगास भराव पडला, अरुंद पूल झाला, कीं पाणी तुंबून तीच रेषा वर सरकते. नकाशा कोणत्या सालचा, हेंही विचारावें.