परभणी जिल्ह्यातील शरद ऋतूतील स्थलांतरित गानपक्षी : शोध, ओळख आणि कृषिसंबंध

प्रस्तावना :
शरद ऋतूत उत्तरेकडील थंड प्रदेशांतून असंख्य लहान पक्षी उबदार प्रदेशांकडे प्रस्थान ठेवतात. त्यांचा शोध घेण्यासाठी जगभरातील अभ्यासक प्रामुख्याने समुद्रकिनारे गाठतात. पाणी ओलांडण्यापूर्वी किंवा ओलांडल्यानंतर थकलेले पक्षी किनाऱ्यावरील पहिल्या झुडपांत उतरतात, त्यामुळे तेथे ते एकवटलेले आढळतात. परभणी जिल्हा अरबी समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर, दख्खनच्या पठारावर वसलेला आहे. येथे किनारा नाही, तथापि स्थलांतरित पक्षी येथेही येतात. ते कोठे व कसे शोधावेत आणि येथील शेतीशी त्यांचा संबंध काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गानपक्षी व स्थलांतर :
पक्षिशास्त्रात ‘गानपक्षी’ ही संज्ञा केवळ मधुर गाणाऱ्या पक्ष्यांपुरती मर्यादित नाही. विकसित स्वरयंत्र असलेल्या, फांदीवर घट्ट पकड घेणाऱ्या पक्ष्यांचा हा मोठा गट होय. चिमणी, मैना, धोबी, भारीट, वटवट्या हे सर्व त्यातच मोडतात. वटवट्या, शंकर यांसारखे कीटकभक्षी पक्षी बहुधा रात्री प्रवास करतात. रात्रीची हवा थंड व स्थिर असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवस अन्न मिळविण्यास मोकळा राहतो. याउलट भोरड्या व माळभिंगऱ्या दिवसा थव्याने प्रवास करतात. दिवसा उडणारे पक्षी सूर्याच्या स्थितीवरून दिशा ठरवू शकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव क्रेमर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. त्यांनी प्रयोगासाठी निवडलेला पक्षी भोरडीच्याच कुळातील होता.

परभणीत येणारे प्रमुख पक्षी :
१) भोरडी : हिलाच पळसमैना किंवा गुलाबी मैना असेही म्हणतात. पूर्व युरोप ते मध्य आशिया या पट्ट्यात, टोळ व नाकतोडे विपुल असतील तेथे तिच्या वसाहती होतात. ऑगस्टपासूनच तिचे थवे भारतात दिसू लागतात.
२) काळ्या डोक्याचा व लाल डोक्याचा भारीट : पहिला आग्नेय युरोप ते इराण या प्रदेशातून, तर दुसरा मध्य आशियातून येतो. भोरडी व काळ्या डोक्याचा भारीट यांचा प्रवास प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे होतो, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.
३) धोबी, शंकर, गप्पीदास व थिरथिरा : धोबी पाण्याच्या काठी, शंकर बोरू व उसाच्या आडोशाला, गप्पीदास झुडपाच्या शेंड्यावर, तर थिरथिरा खडकाळ माळावर व पडक्या भिंतींवर आढळतो.

ओळखीतील अडचण :
पुस्तकांतील चित्रे बहुधा विणीच्या काळातील नराची असतात. शरदात आलेला पक्षी मात्र तसा दिसत नाही. नव्या पिसांच्या कडा फिकट तपकिरी असतात व त्याखाली भारीटाचा काळा माथा किंवा भोरडीचा गुलाबी रंग झाकला जातो. हिवाळाभर या कडा झिजतात आणि वसंतापर्यंत मूळ रंग उघडा पडतो. भोरडीची पिल्ले तर सरसकट मातकट असतात. दोन्ही भारीटांच्या माद्या परस्परांपासून वेगळ्या ओळखणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. अशा वेळी ‘भारीट, जाती अनिश्चित’ अशी नोंद करणे शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य ठरते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयुक्त आहे.

शोधाची स्थळे व वेळ :
किनाऱ्याच्या अभावी परभणीत नदीकाठ व जलाशयाचा काठ हीच शोधरेषा मानावी लागते. गोदावरी, पूर्णा व दुधना यांचे काठ, जिंतूर तालुक्यातील येलदरी जलाशयाचा परिसर, तसेच ज्वारीची शिवारे ही त्या दृष्टीने महत्त्वाची स्थळे होत. परतीचा पाऊस थांबून आकाश निरभ्र झाले, की रात्री उतरलेल्या पक्ष्यांचा शोध सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत घ्यावा. भोरड्यांची गणना मात्र सायंकाळी, बाभूळवनात किंवा उसात त्या मुक्कामाला येतात तेव्हा करणे सोयीचे असते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून थकलेल्या पक्ष्यांना बाहेर काढणे कटाक्षाने टाळावे.

शेतकरी आणि पाखरे :
ज्वारी हुरड्यात आली, की गोफण घेऊन माळ्यावर बसणे हे मराठवाड्यातील शेतकऱ्याचे जुने काम आहे. भोरड्यांचा थवा उतरला तर उभ्या पिकाचे नुकसान होते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. परंतु हाच पक्षी नाकतोडे व अळ्याही मोठ्या प्रमाणात फस्त करतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळनियंत्रणासाठी १९८० च्या दशकापासून भोरड्यांकरिता मुद्दाम दगड-विटांची घरटी उभारण्यात आली. हरभऱ्यावरील घाटेअळीच्या नियंत्रणासाठी शेतात पक्षिथांबे उभारण्याची शिफारस कृषितज्ज्ञ करतात, तीही पक्ष्यांच्या याच उपयोगावर आधारलेली आहे. पुढे पळस व पांगारा फुलल्यावर मकरंद घेताना भोरडी परागीभवनासही हातभार लावते.

आज मराठवाड्यात ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीनचे वाढले आहे. सोयाबीन दाणे टिपणाऱ्या भारीटाच्या उपयोगाचे नाही. बांधावरील बाभळी तुटल्याने मुक्कामाच्या जागाही कमी होतात. गोफणीचा आवाज थांबला, याचा अर्थ शेतकऱ्याचे संकट टळले असा नसून पीकपद्धती बदलली असा आहे. या बदलाचा पक्ष्यांवर नेमका काय परिणाम होतो, हे सलग नोंदींवाचून सांगता येणार नाही.

नोंदींची आवश्यकता :
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा असून तो ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला आहे. सामान्य निरीक्षकाच्या नोंदीचे मोल यावरून स्पष्ट होते. दिनांक, वेळ, स्थळ, पीक, जात व संख्या या सहा बाबी ठरावीक शिवारात दर आठवड्याला लिहिल्या, तरी काही वर्षांत विश्वसनीय साधन तयार होईल. पक्षी न दिसल्याची नोंदही तितकीच आवश्यक आहे, कारण घट तिच्यावरूनच कळते.

निष्कर्ष :
१) समुद्रकिनारा नसला तरी नदीकाठ, जलाशय व ज्वारीची शिवारे यांमुळे परभणी जिल्हा शरदातील स्थलांतराच्या अभ्यासास योग्य आहे.
२) शरदातील पिसाऱ्याचे ज्ञान असल्याखेरीज अचूक ओळख शक्य नाही.
३) भोरडी पिकाची शत्रूही आहे व मित्रही. तिचे मूल्यमापन वर्षभराच्या आहारावरून व्हावे.
४) ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. पाखरे राखणाऱ्या आजोबांना पाखरांच्या येण्या-जाण्याचे जे ज्ञान आहे, ते नातवांनी तारखेसह वहीत उतरवले, तर ते जिल्ह्याच्या निसर्ग-इतिहासाचे मोलाचे साधन ठरेल. माळ्यावर बसलेली पिढी हयात आहे, तोवरच हे काम होऊ शकते.