खुराकाचा डबा आणि मनाची गोळी

तालमीतल्या दूध-बदामांची जागा व्यायामशाळेतील रंगीत डब्यांनी घेतली, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. कारण दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची भुकटी आणि क्रिएटिन ही द्रव्ये, मूत्रपिंडे निरोगी असतील तर, नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांशी सहसा वैर धरीत नाहीत. वैर धरतात ती व्यायामापूर्वी घ्यावयाची उत्तेजक चूर्णे. त्यांतील कॅफीन एरवी सुमारे ५ तासांत निम्मे ओसरते. परंतु त्याचा निचरा करणारे यकृतातील विकरच फ्लुवॉक्सामीन या औषधाने जखडलेले असले, तर तोच अवधी ३० तासांच्या घरात जातो, आणि सकाळचा एक पेला दुसऱ्या रात्रीचीही झोप हिरावून बसतो. याहून गंभीर प्रकार ५-एचटीपी व सेंट जॉन्स वर्ट यांचा: ‘नैसर्गिक’ या बिरुदाखाली बिनदिक्कत विकली जाणारी ही द्रव्ये सेरोटोनिन वाढविणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला आली, म्हणजे कंप, दरदरून घाम, ताप, स्नायूंचा ताठरपणा, संभ्रम अशी लक्षणे काही तासांत उद्भवू शकतात, आणि प्रसंगी ती जिवावर बेततात; तेव्हा थेट इस्पितळच गाठावे. डब्याच्या मोहाने गोळी परस्पर बंद करणे, हा आपल्याकडचा लोकप्रिय तोडगाही घातकच. डब्यामागील मजकूर डॉक्टरांपुढे ठेवावा हे खरे. पण त्यात पुष्कळदा ‘विशेष मिश्रण’ एवढेच नमूद करून प्रत्येक द्रव्याचे प्रमाण गुलदस्तात ठेवलेले असते.