काळी, पांढरी आणि गायरान

जमीन पडीक पडली की तिथे आधी काय उगवेल, हे बरंचसं तिच्या आधीच्या वापरावर ठरतं. मराठवाड्यात शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पांढरीत मुरलेली असते. म्हणून तर शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात टाकत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूरमधल्या किल्लारीसारखी गावं दुसरीकडे वसली, जुनी गावठाणं ओस पडली. अशा पांढरीवर धोतरा, एरंड, आघाडा यांचं फावतं. अतिचराई झालेल्या गायरानात मात्र तरवड टिकतो, कारण गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

नांदेडच्या किनवटकडे गोष्ट वेगळी. तोडलेला साग खुंटातून पुन्हा फुटतो. पण खुंट उपटून वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानात हा वारसाच उरत नाही. सुरुवात बियांपासून, वाऱ्याच्या नि पाखरांच्या भरवशावर.

वस्तीची ही खूण फार काळ टिकते. फ्रान्समधल्या त्रोंसे जंगलात रोमन काळातल्या वस्त्यांच्या जागी माती अजून कसदार आहे आणि झाडोराही वेगळा. किल्लारीची पांढरी ओस पडून तर तीनच दशकं उलटली.